परिचर्येच्या संज्ञा : आधी व्याख्या, मग शब्द, मग संकेतांक

परिचर्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका पाठ्यनिर्देशिकेचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या संस्थेने विद्यार्थ्यांसाठी परिचर्येचा इंग्रजी-मराठी कोश करायला घेतला आहे आणि त्याच सुमारास संलग्न रुग्णालयात कागदी केस पेपरऐवजी इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंद सुरू होत आहे. कोशासाठी प्रमाण शब्द ठरले की तीच यादी संगणकात भरावी, म्हणजे एका कष्टात दोन कामे उरकतील, असे समितीचे मत पडले. हे योग्य आहे का, आधाराला नॅन्डा (परिचर्या निदानांचे अमेरिकी वर्गीकरण) घ्यावे, आयसीएनपी (परिचर्येचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण) घ्यावे की स्नोमेड सीटी (सगळ्या वैद्यकीय संकल्पनांना संकेतांक देणारी आंतरराष्ट्रीय प्रणाली), आणि वॉर्डात सर्रास चालणाऱ्या इंग्रजीमिश्रित शब्दांचे काय करायचे, असे त्यांनी विचारले आहे.

समितीचे मत अर्धे बरोबर आहे. कोश आणि नोंदप्रणाली यांचा पाया एकच असायला हवा, मात्र त्या पायात शब्दांची यादी घालून चालत नाही. तिथे व्याख्यांची यादी लागते. कोश वाचणारा विद्यार्थी एका संकल्पनेला तीन पर्यायी शब्द दिलेले पाहून गोंधळत नाही, उलट त्याला मदतच होते. नोंदप्रणालीत मात्र नोंद करणारी परिचारिका, पुढच्या पाळीत ती वाचणारी परिचारिका आणि महिनाअखेरीस तिच्यातून आकडे काढणारा गुणवत्ता विभाग यांची एकमेकांशी गाठ पडतेच असे नाही, आणि त्यांच्यामध्ये दुवा उरतो तो एका संकेतांकाचा. त्या संकेतांकामागे सर्वांना मान्य अशी नेमकी व्याख्या नसेल, तर वरचा शब्द कितीही घोटीव असला तरी आकडे विश्वासार्ह राहत नाहीत. म्हणून आधी संकल्पनेची व्याख्या, नंतर तिच्यासाठी एक पसंतीची संज्ञा आणि लागतील तितके पर्यायी शब्द, आणि शेवटी प्रमाण प्रणालीतल्या संकेतांकाशी जोडणी, असा क्रम मी सुचवीन.

दाबामुळे होणाऱ्या जखमेचे उदाहरण जरा बारकाईने पाहू, कारण या कामातल्या बहुतेक अडचणी तिथे एकत्र भेटतात. वॉर्डात आणि रुग्णांच्या घरीही ‘बेडसोर’ हाच शब्द चालतो. पाठ्यपुस्तकांत ‘शय्याव्रण’ आणि ‘दाबव्रण’ असे दोन्ही सापडतात. समितीत यांतला कोणता शब्द ‘प्रमाण’ यावर तासभर चर्चा होते आणि व्याख्येकडे कोणी वळत नाही, असे मी अनेकदा पाहिले आहे. अमेरिकेतल्या या विषयाच्या राष्ट्रीय सल्लागार मंडळाने २०१६ मध्ये ‘अल्सर’ हा शब्द सोडून ‘इन्जुरी’ हा शब्द स्वीकारला आणि २०१९ मध्ये स्वतःच्या नावातही तो बदल केला, कारण पहिल्या टप्प्यात त्वचा फाटलेलीच नसते आणि जिथे व्रण नाही तिथे व्रण म्हणणे विसंगत ठरते. युरोपातल्या मंडळाने मात्र जुनाच शब्द ठेवला. तरीही दोन्हीकडचे तज्ज्ञ एकाच मार्गदर्शिकेवर काम करू शकले, कारण व्याख्या एकच होती : हाडाच्या उंचवट्यावर, किंवा वैद्यकीय अथवा अन्य उपकरणाच्या दाबाखाली, त्वचेला आणि तिच्याखालच्या मऊ ऊतींना झालेली स्थानिक इजा. ही व्याख्या समोर ठेवली की ‘शय्याव्रण’ आपोआप मागे पडतो, कारण नाकातल्या नळीमुळे किंवा ऑक्सिजनच्या मास्कमुळे होणाऱ्या इजेत शय्येचा संबंध नसतो. मी स्वतः ‘दाबजन्य इजा’ ही पसंतीची संज्ञा धरीन आणि बाकीचे सगळे शब्द, बेडसोरसुद्धा, पर्यायी म्हणून ठेवीन. आपल्या समितीने वेगळा शब्द निवडला तरी माझी हरकत नाही. व्याख्येत मात्र तडजोड नको.

व्याख्या उचलतानाही डोळे उघडे ठेवावे लागतात. पहिल्या टप्प्याचे वर्णन ‘बोटाने दाबल्यावर न फिकटणारी लाली’ असे सरसकट दिलेले असते. गोऱ्या त्वचेवर ही लाली दिसते. आपल्याकडच्या सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर ती बहुतेक वेळा दिसत नाही आणि जागा फक्त आजूबाजूपेक्षा अधिक गडद वाटते. २०१६ च्या सुधारित वर्णनातच गडद त्वचेवर हे वेगळे दिसू शकते असे म्हटले आहे, पण भाषांतर करताना हेच वाक्य गाळले जाते. मराठी कोशातल्या नोंदीत हाताला जाणवणारा उबदारपणा किंवा थंडपणा, कडकपणा वा मऊपणा आणि रुग्णाला होणारी वेदना यांचा उल्लेख लालीच्या आधी यायला हवा, आणि नोंदप्रणालीत पहिल्या टप्प्यासाठी केवळ ‘लाली : आहे / नाही’ असा रकाना असता कामा नये. तो तसा ठेवला तर आपल्या वॉर्डात पहिल्या टप्प्याच्या इजा जवळजवळ नाहीतच असे चित्र उभे राहील आणि इजा थेट दुसऱ्या टप्प्यावर, त्वचा सोलवटल्यावरच, नोंदली जाईल.

टप्प्यांच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. चौथ्या टप्प्याची इजा भरून येऊ लागली की ती तिसऱ्या टप्प्याची झाली, मग दुसऱ्या, असे लिहिण्याची सवय सगळीकडे दिसते. हे चूक आहे, कारण गेलेला स्नायू आणि चरबी परत तयार होत नाही. ती जागा दाणेदार ऊतीने आणि व्रणतंतूंनी भरते. म्हणून नोंद ‘चौथ्या टप्प्याची, भरून येत असलेली’ अशी राहते आणि सुधारणा मोजायला वेगळे साधन वापरतात, उदाहरणार्थ ० ते १७ गुणांची पुश मापनपट्टी. श्लेष्मल त्वचेवरच्या, म्हणजे तोंड-नाकाच्या आतल्या ओलसर अस्तरावरच्या, इजेला तर टप्पे लावतच नाहीत. हे नियम कोशात एका वाक्यात सांगून भागते. नोंदप्रणालीत मात्र ते रचनेतच बसवावे लागतात, म्हणजे टप्पा उतरवण्याचा पर्यायच पडद्यावर दिसणार नाही.

आता याच विषयाच्या भोवती किती वेगवेगळ्या संकल्पना आहेत ते पाहा. इजा प्रत्यक्ष झालेली असणे, ती दाखल होतानाच असणे, ती होण्याचा धोका असणे, धोका मोजणाऱ्या ब्रेडन मापनपट्टीचे गुण, दर दोन तासांनी कूस बदलण्याचे ठरवणे, कूस प्रत्यक्ष बदलणे, आणि रुग्णाने नकार दिल्यामुळे किंवा मनुष्यबळ नसल्यामुळे ती न बदलणे. कागदावर या सगळ्यांसाठी ‘बॅक केअर दिली’ आणि ‘बेडसोर ±’ एवढ्याने काम चालत असे. रुग्णालयात झालेल्या इजांचे प्रमाण दर हजार रुग्णदिवसांमागे काढायला एनएबीएचसारखी मान्यता देणारी यंत्रणा सांगते, तेव्हा दाखल होताना असलेली इजा आणि आपल्याकडे झालेली इजा वेगळी न काढता आल्यास तो आकडा निरर्थक ठरतो. ‘न केलेली परिचर्या’ हा रकाना व्यवस्थापनाला आवडत नाही, हे खरे. तरीही तो असलाच पाहिजे, कारण रिकामी जागा ही ‘केले नाही’ आणि ‘लिहिले नाही’ यांपैकी कशाची, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

गुणांचा मुद्दाही याच जातीचा. ब्रेडनमध्ये ६ ते २३ गुण असतात आणि गुण जितके कमी तितका धोका जास्त. पडण्याच्या धोक्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मोर्स मापनपट्टीत ० ते १२५ गुण असतात आणि तिथे गुण जितके जास्त तितका धोका जास्त. नुसत्या ‘रिस्क स्कोअर’ रकान्यात १५ लिहिले तर तो रुग्ण एका मापनपट्टीनुसार धोक्यात आहे आणि दुसरीनुसार जवळपास सुरक्षित. म्हणून मापनपट्टीचे नाव आणि गुण ही जोडी तुटता कामा नये. अशा मापनपट्ट्या आणि त्यांतले प्रश्न यांच्यासाठी लॉइंक ही संकेतप्रणाली वापरतात आणि उत्तरांतल्या निष्कर्षांसाठी स्नोमेड सीटी, अशी कामाची वाटणी आज जगभर रूढ होत आहे.

कोणती प्रणाली घ्यावी या प्रश्नाकडे यायचे तर थोडा इतिहास उपयोगी पडतो. परिचर्या निदानांच्या वर्गीकरणाची पहिली परिषद १९७३ मध्ये अमेरिकेत सेंट लुईस येथे क्रिस्टीन गेबी आणि मेरी ॲन लेव्हिन यांच्या पुढाकाराने भरली, आणि तिच्यातून १९८२ मध्ये नॅन्डा ही संघटना उभी राहिली. पुढे आयोवा विद्यापीठात परिचर्या कृतींचे वर्गीकरण तयार झाले, जे १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि १९९७ मध्ये फलितांचे. निदान, कृती आणि फलित अशी ही तीन वर्गीकरणे आपल्या पदवी अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत आहेत आणि विद्यार्थ्यांना विचारशिस्त लावायला ती उत्तम आहेत. (कृतींच्या वर्गीकरणाचे इंग्रजी लघुरूप ‘एनआयसी’ असे होते, सरकारी रुग्णालयाच्या बैठकीत ते उच्चारले की निम्म्या लोकांना राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र आठवते, तेव्हा पूर्ण नाव घेतलेले बरे.) मात्र या तिन्हींवर स्वामित्वहक्क आहेत आणि संगणकप्रणालीत ती घालायची तर परवाना घ्यावा लागतो, पाठ्यपुस्तक विकत घेतले म्हणजे त्यातली यादी सॉफ्टवेअरमध्ये भरायचा हक्क मिळाला, असे होत नाही. कोशातही नॅन्डाच्या व्याख्यांचे शब्दशः भाषांतर छापण्याआधी परवानगी लागेल.

आंतरराष्ट्रीय परिचर्या परिषदेने १९८९ मध्ये सोल येथील बैठकीत परिचर्येसाठी जागतिक वर्गीकरण करायचा ठराव केला, त्यातून आयसीएनपी आले. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २००५ ची. त्यामागची कल्पना कोशकाराने जरूर आत्मसात करावी : परिचर्या निदान म्हणजे एक विषय आणि त्यावरचा निर्णय, आणि परिचर्या कृती म्हणजे एक क्रिया आणि तिचे लक्ष्य. आयएसओच्या १८१०४ क्रमांकाच्या मानकातही जवळपास हाच सांगाडा आहे. ‘वेदना’ हा विषय, ‘तीव्र’ हा निर्णय. ‘निरीक्षण करणे’ ही क्रिया, ‘लघवीचे प्रमाण’ हे लक्ष्य. मराठी नोंद लिहिताना ही फोड करून पाहिली की नोंद अर्धवट आहे की पुरी ते लगेच कळते. ‘त्वचेची काळजी’ हे निदानही नाही आणि नीट कृतीही नाही, हे उमगते.

आयसीएनपी स्वतंत्रपणे उचलायचे का, हा प्रश्न मात्र आता जवळजवळ सुटला आहे. परिचर्या परिषद आणि स्नोमेड इंटरनॅशनल यांच्यात २०२० मध्ये करार झाला आणि २०२१ पासून आयसीएनपी स्नोमेड सीटीच्या आधारे प्रसिद्ध होते. भारत २०१४ पासून स्नोमेडचा सदस्य देश आहे, त्यामुळे देशातल्या वापरकर्त्यांना ती विनाशुल्क मिळते; परवान्याची नोंदणी पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेतील राष्ट्रीय ईएचआर (इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंद) मानक संसाधन केंद्रामार्फत करायची असते. केंद्र सरकारने २०१३ मध्ये जाहीर केलेल्या आणि २०१६ मध्ये सुधारलेल्या ईएचआर मानकांत स्नोमेड सीटी आणि लॉइंक दोन्ही आहेत, आणि आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी पुढे जोडून घ्यायचे असेल तर हाच रस्ता आहे. तेव्हा नोंदप्रणालीसाठी माझे उत्तर स्पष्ट आहे : पोटात स्नोमेड सीटी आणि लॉइंक, वर पडद्यावर आपल्या वॉर्डाचे शब्द. वर्गात निदान शिकवायला नॅन्डा चालू द्या. सामुदायिक परिचर्येसाठी, म्हणजे गृहभेटी करणाऱ्या परिचारिकांसाठी, ओमाहा प्रणालीही पाहण्यासारखी आहे. ती मुक्त वापरासाठी खुली असून तिच्यातल्या ४२ समस्यांत घराची स्वच्छता आणि उत्पन्न यांनाही जागा आहे.

वॉर्डातल्या मिश्र शब्दांबद्दल समितीत नाराजीचा सूर असणार, हे मी गृहीत धरतो. माझे मत वेगळे आहे. ‘इंटेक-आऊटपुट’, ‘एनबीएम’ (तोंडाने काही न देणे), ‘हँडओव्हर’, ‘सक्शन दिले’ हे शब्द सिस्टर, ब्रदर आणि मावशी-मामा सगळ्यांना कळतात. ते शोधपेटीत टाइप केल्यावर बरोबर संकल्पना समोर आली नाही तर परिचारिका ‘इतर’ निवडून मोकळा मजकूर लिहील, आणि रात्रपाळीत चाळीस रुग्ण असताना तिला दोष देता येणार नाही. म्हणून हे सगळे शब्द पर्यायी म्हणून प्रणालीत असलेच पाहिजेत. अपवाद फक्त अशा शब्दांचा, जे सोयीचे असतात पण अर्थ गिळून टाकतात. ‘आयव्ही आऊट झाली’ हे त्याचे ठळक उदाहरण (आयव्ही म्हणजे इथे शिरेतून द्रव देण्यासाठी बसवलेली नळी, कॅन्युला). या तीन शब्दांत किमान पाच घटना दडलेल्या असतात : कॅन्युला निसटली, रुग्णाने ती ओढून काढली, ती चोंदली, द्रव शिरेबाहेर ऊतीत उतरून हात सुजला, किंवा शिरेला दाह झाला. द्रव साधा होता की ऊती जाळणारे औषध होते, यावर चौथ्या घटनेचेही दोन भाग पडतात, आणि दुसऱ्या भागात तातडीने वेगळे उपचार लागतात. प्रत्येकीचे कारण वेगळे, उपाय वेगळा, आणि संसर्ग नियंत्रण समितीला हवी असलेली माहितीही वेगळी. अशा वेळी ‘आयव्ही आऊट’ टाइप केल्यावर प्रणालीने एक संकेतांक न लावता हे पर्याय समोर मांडावेत, आणि दाह निवडल्यास ० ते ५ श्रेणी विचारावी. कोशात याच नोंदीखाली ‘वॉर्डातील बोलीत संदिग्ध, पुढील नोंदी पाहा’ असे लिहून पाच दुवे द्यावेत. विद्यार्थ्याला हे नुसत्या प्रतिशब्दापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडेल.

मराठी संज्ञांचा वाचक कोण, हेही ठरवून घ्या. महाराष्ट्रात परिचारिका नोंद इंग्रजीत करतात आणि रुग्णाशी मराठीत बोलतात. म्हणून मराठी शब्दाची खरी गरज डिस्चार्ज कार्डावर, संमतिपत्रात आणि नातेवाइकांना द्यायच्या सूचनांत आहे. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाची शब्दावली आधाराला अवश्य घ्या, विशेषतः शरीररचनेच्या नावांसाठी. मात्र तिथला शब्द रुग्णाच्या कागदावर जसाच्या तसा उतरवू नका. स्नोमेडच्या रचनेत एकाच संकल्पनेला वेगवेगळ्या वापरासाठी वेगवेगळे शब्दसंच जोडता येतात, ही सोय नेमकी यासाठीच आहे : एक शब्द परिचारिकेच्या पडद्यावर, एक कोशात, एक रुग्णाच्या कागदावर, आणि खाली संकेतांक तोच. ‘मूत्रनलिका शलाका’ घेऊन घरी जाणाऱ्या आजोबांना ‘लघवीची नळी’ समजते, आणि मुलाला ‘कॅथेटर’.

देवनागरीच्या काही तांत्रिक बाबी सुरुवातीलाच निकालात काढल्या नाहीत तर पुढे फार त्रास देतात. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एकच चिन्ह म्हणून लिहिता येते, आणि ‘अ’ वर चंद्र देऊनही. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकाच्या लेखी वेगळे, आणि साध्या युनिकोड सामान्यीकरणाने ते एक होत नाहीत. एका परिचारिकेने एका पद्धतीने ‘ॲनिमिया’ लिहिले आणि दुसरीने दुसऱ्या, तर शोधात निम्म्या नोंदी गायब होतात आणि कोशाच्या अकारविल्हेत एकच शब्द दोन ठिकाणी पडतो. ‘दुसऱ्या’ मधल्या अर्ध्या ‘र’चेही तसेच आहे. साठवण्याआधी एकच रूप करून घेणारा नियम प्रणालीत घाला. शिवाय मराठीत ‘जखम’ची ‘जखमेचा’, ‘जखमांना’ अशी रूपे होतात, तेव्हा शोध मूळ रूपावर चालला पाहिजे. आणि ‘कॅथेटर-कॅथिटर’ यांसारखी लेखनभिन्नता पर्यायी शब्द म्हणून आधीच नोंदवून ठेवा.

राहिला प्रश्न देखभालीचा. वैद्यकीय माहितीशास्त्राचे अमेरिकी अभ्यासक जेम्स चिमिनो यांनी १९९८ मध्ये वैद्यकीय संज्ञाप्रणालींसाठी ज्या अपेक्षा मांडल्या, त्यांतल्या तीन आपल्या समितीने लेखी स्वीकाराव्यात : संकेतांकाच्या आकड्यांत कोणताही अर्थ दडलेला नसावा, एकदा दिलेली संकल्पना पुसली जाऊ नये, आणि ‘अन्यत्र न वर्गीकृत’ यासारखी कचरापेटी नसावी. व्यवहारात याचा अर्थ असा की शब्द बदलला तर संकेतांक तोच ठेवायचा, आणि व्याख्या बदलली तर नवा संकेतांक देऊन जुना ‘निवृत्त’ असे नोंदवायचे, म्हणजे पाच वर्षांपूर्वीचा केस पेपर तेव्हाच्या अर्थानेच वाचता येईल. स्नोमेडची आंतरराष्ट्रीय आवृत्ती आता दर महिन्याला निघते. ती दर महिन्याला घ्यायची गरज नाही, पण कोण आणि केव्हा घेणार हे नावानिशी ठरलेले हवे. ते काम संगणक विभागावर सोडू नका. एक अनुभवी परिसेविका आणि एक पाठ्यनिर्देशिका यांच्याकडे ते द्या, आणि त्या वेळेपुरते त्यांचे वॉर्डातले काम कमी करा. फावल्या वेळात करायला सांगितलेले हे काम सहसा होत नाही.

सुरुवात हजार संज्ञांनी करू नका. दोन-तीन वॉर्डांची अलीकडची रिपोर्ट बुके घ्या, त्यांत प्रत्यक्ष काय लिहिले जाते ते उतरवा, आणि त्यांतून दाबजन्य इजा, कॅन्युला, पडणे, वेदना आणि द्रवसंतुलन एवढ्याच क्षेत्रांच्या संकल्पना पहिल्या फेरीत निश्चित करा. प्रसूती आणि नवजात परिचर्या या फेरीत घेऊ नका : तिथे आई आणि बाळ अशा दोन व्यक्तींच्या नोंदी असतात, ‘स्तनपान नीट होत नाही’ ही नोंद कोणाच्या केस पेपरवर जायची हे आधी ठरवावे लागते, आणि त्यासाठी बालरोग व प्रसूती विभागांच्या परिसेविकांना एकत्र बसवून वेगळी बैठक घ्यावी लागेल.